हायड्रोसीलचं ऑपरेशन खासगीत: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

निकाल आधीच सांगून टाकतो. मोठ्या माणसाचं, एका बाजूचं, साधं हायड्रोसील असेल तर जिल्ह्याच्या गावातला अनुभवी जनरल सर्जन आपल्या पंधरा-वीस खाटांच्या हॉस्पिटलात ते उत्तम करतो. त्यासाठी महानगरातल्या काचेच्या इमारतीत जायची गरज नाही, आणि लेसरसाठी जास्तीचे पैसे मोजायची तर मुळीच नाही. पैसे मोजायचे ते दोन गोष्टींसाठी: ऑपरेशनआधीची नीट तपासणी आणि ऑपरेशननंतरची पहिली रात्र. खासगी सेवांमधला खरा फरक या दोन ठिकाणी दिसतो, आणि जाहिरातीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

हायड्रोसील म्हणजे काय? वृषणाभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असतं. त्या दोन पदरांमध्ये पाणी साठत जातं, म्हणून लोक म्हणतात 'अंडात पाणी झालंय'. ऑपरेशनात अंडकोशावर साधारण चार ते सहा सेंटिमीटरचा छेद घेतात, पाण्याची पिशवी वृषणासकट बाहेर काढतात, पाणी सोडून देतात आणि मग पिशवीचा बंदोबस्त करतात. हा बंदोबस्त तीन प्रकारे होतो. पिशवी मध्यम जाडीची असेल तर जास्तीचा भाग कापून उरलेल्या कडा वृषणामागे उलटवून शिवतात. तिला जाबुले पद्धत म्हणतात. पिशवी पातळ असेल तर ती फार न सोडवता टाक्यांनी चुण्या घालून गोळा करतात. ही लॉर्डची पद्धत, हिच्यात रक्तस्राव सगळ्यात कमी. पिशवी जुनी, जाड, चामड्यासारखी झाली असेल, आणि विशेषतः हत्तीरोगातून आलेलं हायड्रोसील असेल, तर वृषणालगत जेमतेम सेंटिमीटरभर कड ठेवून बाकी सगळी काढून टाकतात. कुठली पद्धत लागेल ते पुष्कळदा पिशवी हातात आल्यावरच ठरतं. पण 'तुम्ही साधारण काय करणार?' असं विचारल्यावर सर्जनला हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. उत्तर फक्त 'लेसर' एवढंच आलं तर दुसरा सर्जन शोधावा.

हे एवढ्या ठामपणे म्हणायचं कारण साधं आहे. लेसर इथे फक्त कापायचं आणि रक्त थांबवायचं हत्यार आहे. ते काम साधा कॉटरी पेनही (विजेने कापून रक्त थांबवणारं पेनासारखं हत्यार) करतो आणि तो प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये असतोच. पिशवी उलटवणं, कापणं, शिवणं हे हातानेच करावं लागतं, आणि त्यासाठी छेदही लागतोच. 'चिरा नाही, टाका नाही' हे हायड्रोसीलच्या बाबतीत शक्य नाही. बाहेरून दिसणारा टाका विरघळणारा असतो, तो काढावा लागत नाही, इतकाच काय तो 'बिनटाक्या'चा अर्थ. त्यासाठी बिलात पंधरा-वीस हजारांची वेगळी ओळ लावणं पटत नाही.

दुसरं टोक सुईचं. काही दवाखान्यांत सुई घालून पाणी काढून देतात, हजार-दीड हजारात माणूस हलका होऊन घरी जातो. पिशवी जागेवरच राहते, त्यामुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पाणी पुन्हा भरतं. शिवाय सुईने आत रक्त साचू शकतं, जंतू जाऊ शकतात आणि पिशवी आतून चिकटून पुढचं ऑपरेशन अवघड होतं. पाणी काढून आत औषध सोडायची पद्धतही आहे. ज्यांना भूल देणंच धोक्याचं आहे अशा वयस्कर, हृदयविकाराच्या रुग्णांत तिला जागा आहे. धडधाकट चाळिशीच्या माणसाने तिच्या नादी लागू नये.

आता तपासणी. चांगला सर्जन आधी बोटांनी बघतो की गाठीच्या वर, जांघेकडे, नुसती नाळ (शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्यांची वृषणाकडे येणारी दोरी) हाताला लागते का. लागत नसेल तर तो हर्निया असू शकतो किंवा दोन्ही एकत्र. मग खोलीतला दिवा घालवून मागून टॉर्च लावतो: स्वच्छ पाणी असेल तर अंडकोश लालसर उजळतो. पिशवी जाड असेल, आत रक्त किंवा दुधाळ द्रव असेल तर उजेड आरपार येत नाही. एवढ्यावर पंचाहत्तर टक्के चित्र स्पष्ट झाल्यासारखं वाटतं, तरी सोनोग्राफी चुकवू नये. अंडकोशाची डॉप्लर सोनोग्राफी (जिच्यात रक्तप्रवाहही दिसतो) शहराप्रमाणे साधारण हजार ते अडीच हजारात होते, आणि संबंध खर्चात सगळ्यात मोलाचे पैसे हेच. पाण्याआड वृषण हाताला नीट लागत नाही. तरुण माणसात, साधारण १५ ते ३५ वयात, अचानक पाणी झालं असेल तर आत वृषणाची गाठ नाही ना, हे बघणं अत्यावश्यक आहे. कर्करोगाची शंका असेल तर ऑपरेशन जांघेतून करतात. अंडकोशावर छेद घेणं किंवा सुई टोचणं तिथे चूक ठरतं, कारण रोग पसरायच्या वाटा बदलतात. म्हणजे सोनोग्राफी न करता 'उद्याच या, उरकून टाकू' म्हणणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी महाग आहे. सोनोग्राफीत हायड्रोसीलऐवजी शुक्रवाहिनीकडची गाठ किंवा फुगलेल्या शिरांचं व्हॅरिकोसील निघालं, तर उपचार पूर्ण वेगळा. जाहिरातीतल्या पॅकेजवर या सगळ्यांना एकच दर लावलेला दिसतो, त्यावर जाऊ नका.

पूर्व विदर्भात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या रुग्णांनी हत्तीरोगाचा प्रश्न स्वतःहून काढावा. क्युलेक्स डासातून शिरणारे हे जंतू रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घेतात. जुन्या हायड्रोसीलमध्ये तो नकारात्मकही येतो, त्याने हत्तीरोग नाही असं सिद्ध होत नाही. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा तीन औषधांची सामुदायिक मोहीम देशात सुरुवातीलाच राबवली गेली. त्या गोळ्यांनी जंतू मरतात, साठलेलं पाणी मात्र जात नाही. त्यासाठी ऑपरेशनच लागतं, आणि तेही पिशवी जवळपास पूर्ण काढून. खासगीत जायच्या आधी एक लक्षात असू द्या: हत्तीरोगग्रस्त भागात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत हायड्रोसीलची ऑपरेशनं मोफत होतात. रांग आणि तारीख जमत असेल तर तो पर्याय कमी दर्जाचा अजिबात नाही. वर्षाला ढीगभर हायड्रोसील करणाऱ्या सरकारी सर्जनचा हात या एका ऑपरेशनात अनेक खासगी डॉक्टरांपेक्षा सरावलेला असतो.

खासगीतलं पहिलं ठिकाण म्हणजे सर्जनचं स्वतःचं नर्सिंग होम. एका बाजूचं ऑपरेशन, एक रात्र, औषधांसकट साधारण २० ते ३५ हजारांत होतं. सर्जन वरच्या मजल्यावर किंवा दोन गल्ल्या पलीकडे राहतो, हा याचा सगळ्यात मोठा गुण. उणीव अशी की भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यामुळे वेळ त्यांच्या सवडीने ठरते. हृदयविकार, दमा, फार वाढलेली साखर असेल तर अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी जाऊ नये. नोंदणी प्रमाणपत्र आणि दरपत्रक भिंतीवर आहे का, तेही बघावं. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

दुसरं ठिकाण धर्मादाय हॉस्पिटल, आणि याचा उपयोग लोक फार कमी करतात याचं वाईट वाटतं. मुंबईतली जसलोक, लीलावती, हिंदुजा, पुण्यातली दीनानाथ मंगेशकर, रुबी हॉल ही नावं ऐकून माणूस खर्चानेच घाबरतो. पण ही धर्मादाय म्हणून नोंदलेली हॉस्पिटलं आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार घेऊन थेट समाजसेवा विभागात जायचं, बिलिंगच्या खिडकीवर नाही. हे ऑपरेशन तातडीचं नसतं, त्यामुळे खाट मिळेपर्यंत थांबणं शक्य असतं. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटलही विदर्भातल्या माणसाने आधी विचारात घ्यावं.

कॉर्पोरेट हॉस्पिटलात तेच ऑपरेशन ८० हजार ते लाखाच्या पुढे जातं. ज्याला स्टेंट बसलाय, रक्त पातळ करायची औषधं सुरू आहेत, डायलिसिस चालू आहे, त्याच्यासाठी हे पैसे योग्य. बाकीच्यांना इथे खोलीच्या वर्गानुसार सर्जनची फी, थिएटर, भूल, सगळंच वाढतं, हे माहीत असलेलं बरं. दिवसाला ५ हजारांवरच्या खोलीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटीही लागतो.

चौथा प्रकार ॲपवरून चालणाऱ्या कंपन्यांचा. यांची सोय खरी आहे: गाडी येते, कागद कोणीतरी भरतं, विम्याचं बोलणं तेच करतात, हप्ता बांधून देतात. एकट्याने राहणाऱ्या, लाजेपोटी घरी न सांगणाऱ्या तरुणाला हे हवंहवंसं वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण बहुतेकदा हॉस्पिटल भाड्याचं असतं, सर्जन त्या दिवसापुरता येतो आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरभागात निघून जातो. फोनवर बोलणारा माणूस डॉक्टर नसतो, त्याला केस पक्की करायची असते. या मार्गाने जायचंच असेल तर तीन गोष्टी लेखी घ्या: सर्जनचं पूर्ण नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, ऑपरेशनआधी त्याच सर्जनची प्रत्यक्ष भेट, आणि रात्री रक्तस्राव झाला तर कोण, किती वेळात येणार. तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम भरू नका.

कुठेही गेलात तरी अंदाजपत्रक कागदावर मागा आणि ओळन् ओळ वाचा. त्यात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी (बहुधा सर्जनच्या फीच्या तिसरा हिस्सा ते निम्मी), थिएटरचं भाडं, खोली, नर्सिंग, औषधं आणि साहित्य, रक्त-लघवी तपासण्या आणि पिशवीचा तुकडा तपासायला पाठवला तर त्याचा खर्च, एवढ्या ओळी असायला हव्यात. बिल फुगतं ते 'औषधं आणि साहित्य' या ओळीत. हायड्रोसीलला लागतं काय? तीन-शून्य जाडीच्या विरघळणाऱ्या दोऱ्याची दोन-तीन पाकिटं, पाठीत भूल द्यायची (स्पायनलची) एक सुई, भुलीचं औषध, हातमोजे, गॉज, लागलीच तर एक छोटी रबरी निचरा नळी, सलाइनच्या दोन-तीन बाटल्या, प्रतिजैविकाचा डोस. इथे जाळी लागत नाही, स्टेपलर लागत नाही. त्या नावाच्या वस्तू दिसल्या तर विचारा. दोन्ही बाजू असतील तर मधोमध एकाच छेदातून दोन्ही करता येतात, म्हणून दुप्पट बिल पटण्यासारखं नाही, दीडपट ठीक.

विम्याचं गाडं अडतं ते प्रतीक्षाकाळावर. बहुतेक पॉलिसींत हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदूबरोबर हायड्रोसीलही ठराविक आजारांच्या यादीत असतं, आणि पॉलिसी घेतल्यापासून सहसा २४ महिने त्याचा दावा मिळत नाही. म्हणून डॉक्टरांच्या पहिल्या चिठ्ठीवर 'सूज किती दिवसांपासून' ही नोंद खरी आणि नीट असू द्या. पुढे सगळा दावा त्या एका ओळीवर तोलला जातो. खोलीभाड्याला मर्यादा असेल तर तिच्यातलीच खोली घ्या. महागडी खोली घेतली तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही, त्या प्रमाणात डॉक्टरांची फी आणि इतर खर्चही कापते. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी जाणार असाल तर डे-केअरच्या यादीत हे ऑपरेशन आहे ना, हे आधी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) लेखी घ्या.

ऑपरेशनआधी रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, साखर, क्रिएटिनिन, एचआयव्ही-कावीळ, रक्त गोठण्याची तपासणी आणि वयाप्रमाणे ईसीजी होतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर बघून घ्या. ती चढलेली असताना अंडकोशावर छेद घेणं म्हणजे जखम चिघळायला आमंत्रण. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते ज्या डॉक्टरांनी सुरू केल्या त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका. केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक कापलेल्या कातडीतून जंतू शिरतात. हॉस्पिटलात त्याच दिवशी क्लिपरने काढलेले बरे. मूल व्हायचं असेल तर तेही सर्जनला आधी सांगा, म्हणजे तो शुक्रवाहिनी आणि ती जिथून सुरू होते ती वृषणामागची गुंडाळलेली नळी जपायला जास्त वेळ देईल. ताठरतेशी या ऑपरेशनचा संबंध नाही.

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं असतं. त्यातली कसोटीची दहा मिनिटं शेवटची. पिशवीच्या कापलेल्या कडेतून रक्त थेंबथेंब झिरपतं आणि अंडकोशाची कातडी सैल असल्याने आत दाब तयार होत नाही, त्यामुळे ते आपोआप थांबत नाही. घाईतल्या सर्जनने कड नीट भाजली नाही किंवा सलग टाक्याने शिवली नाही तर रात्रीत आत रक्ताची गाठ होते. या ऑपरेशनातली सगळ्यात नेहमीची गुंतागुंत हीच. जुन्या, मोठ्या हायड्रोसीलमध्ये म्हणूनच निचरा नळी ठेवतात आणि २४ ते ४८ तासांत काढतात. नळी ठेवली म्हणजे काही बिघडलं असं समजू नये. तिच्यासाठी एक दिवस जास्त राहावं लागलं तर राहावं.

पाठीतल्या भुलीमुळे पहिल्या काही तासांत लघवी अडकू शकते. सहा-आठ तासांत झाली नाही तर सांगा, एकदा नळी घालून मोकळी करतात. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून लावायचा आणि लंगोट किंवा सपोर्टर रात्रंदिवस घालायचा. दोन सपोर्टर आधीच आणून ठेवा, कमरेच्या मापाचे, जांघेत न रुतणारे. हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात तोच दुप्पट किमतीला मिळतो. लंगोट दोन-तीन आठवडे, दुचाकी दोन आठवडे बंद, जड उचलणं आणि शरीरसंबंध साधारण महिनाभर बंद. शेतातलं किंवा हमालीचं काम असेल तर ऑपरेशनची तारीख हंगाम बघूनच ठरवा.

आता सगळ्यात जास्त फोन ज्याच्यासाठी होतात ते. दहाव्या-पंधराव्या दिवशी अंडकोश ऑपरेशनआधी होता तितकाच दिसतो, हाताला टणक लागतो, आणि माणूस घाबरून म्हणतो, 'पुन्हा पाणी झालं, डॉक्टरांनी फसवलं.' बहुतेकदा ते पाणी नसतं, हाताळलेल्या पेशींची सूज असते. ती चार ते सहा आठवड्यांत उतरते, मोठ्या हायड्रोसीलमध्ये तीन महिनेही लागतात. रोज थोडी मऊ आणि लहान होत असेल तर ठीक चाललंय. घाबरायचं कधी? पहिल्या दिवशी सूज तासातासाला वाढते, कातडी ताणून निळी-जांभळी होते, लंगोट रक्ताने भिजतो, किंवा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर थंडी-ताप आणि घाण वासाचा पू येतो. मधुमेह्याच्या कातडीवर काळा डाग पसरताना दिसला तर सकाळची वाट न बघता निघायचं.

लहान मुलांचा हिशेब पूर्ण निराळा आहे. जन्मतः असलेलं पाणी बहुतेक मुलांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, म्हणून तोवर कोणी ऑपरेशन सुचवलं आणि सोबत हर्निया नसेल, तर दुसरं मत घ्या. दोन वर्षांनंतर राहिलं तर ऑपरेशन जांघेतून करतात, कारण दोष पोटाशी जोडलेल्या उघड्या वाटेत असतो. अंडकोशावर छेद घेऊन पिशवी उलटवली तर ती वाट उघडीच राहते आणि पाणी परत येतं. हे काम बालशल्यविशारदाचं आणि लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेल्या भूलतज्ज्ञाचं. अशी माणसं तालुक्याला मिळत नाहीत, त्यामुळे मुलाच्या बाबतीत मात्र गाडीभाडं खर्चून मोठ्या शहरात जावं.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर पद्धतीचं नाव, बाजू डावी की उजवी, पाण्याचं अंदाजे प्रमाण आणि रंग, नळी ठेवली होती का, आणि तुकडा तपासायला पाठवला असेल तर अहवालाची तारीख लिहून घ्या. सोबत सोनोग्राफीचा मूळ अहवाल आणि फिल्म, औषधांची सुटी बिलं आणि शिक्क्याच्या पावत्या मागा. विम्याला हे लागतंच, आणि पुढे कधी दुसऱ्या बाजूला पाणी झालं तर नव्या सर्जनलाही लागतं.